साच्याच्या पोटातलं पाणी

एका रविवारी सकाळी माझ्या नणंदेनं आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा ठेवला. पाइप मधोमध उभा कापलेला होता. बाहेरून साधा, काळपट. आतून मात्र चुन्यासारखा पांढरा थर चढलेला, आणि मधे जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक उरलेलं.

"वहिनी, तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना," ती म्हणाली. "मग सांगा, आमच्या मशीनच्या पाइपात हे काय हाय आणि कशानं निघतं."

लग्न होऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण तिनं माझ्या विषयातलं काही विचारायची ती पहिलीच वेळ. एरवी आमचं बोलणं सणावाराचं. मी तिला रीतीप्रमाणं वन्सं म्हणायचे, ती मला वहिनी. दोघी जवळपास एकाच वयाच्या, आणि दोघी एकमेकींना अहो-जाहो करणाऱ्या. फराळ कसा झाला, साडी कुठली घेतली, की संपलं. तिचं माझं भांडण कधीच नव्हतं. भांडायला जेवढी जवळीक लागते तेवढीही नव्हती.

मी थर नखानं खरवडून पाहिला. टणक होता. स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणून त्यावर पिळली, तर बारीक बुडबुडे फसफसून आले. ती खुर्ची सरकवून जवळ आली. दरवर्षी मी अकरावी-बारावीच्या वर्गात दुष्फेन, म्हणजे क्षारांचं, पाणी शिकवायचे. फळ्यावर समीकरणं लिहायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची. पण त्या पाण्यानं एखादं यंत्र आजारी पडतं हे मी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मला तुमची जागा बघायची आहे.

जागा म्हणजे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतली पत्र्याची शेड. माझी नणंद पिशोरची, शेतकऱ्याघरची मुलगी. लग्नानंतर शहरात आली आणि वाळूजच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत माल तपासायच्या कामाला लागली. माल तपासता तपासता ती यंत्रं शिकली, आणि पुढं दोन जुनी यंत्रं घेऊन तिनं स्वतःचं काम सुरू केलं. तिचा नवरा गंगापूरला नोकरीला. तो सकाळची एसटी धरायचा आणि ही शेडची किल्ली घेऊन निघायची. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, आणि क्रांती चौकातून वाळूजला जाणाऱ्या गाडीत बायका फार नसायच्या.

यंत्राचं काम तिनं मला हातवारे करून समजावलं. प्लास्टिकचा दाणा आत वितळतो. तो पातळ रस दाबानं पोलादी साच्यात भरायचा. साच्याला तिथं सगळे मोल्ड म्हणतात. रस मोल्डमध्ये गार होऊन घट्ट झाला, की मोल्ड उघडतो आणि झाकण खाली पडतं. तिचं काम शाळेच्या डब्यांच्या झाकणांचं होतं.

"भरायला कितीसा वेळ लागतो?" ती म्हणाली. "सगळा वेळ जातो गार व्हायला. मशीन नुसतं थांबून ऱ्हातं."

गार करायचं काम पाण्याचं. मोल्डच्या पोलादात आतून बोगद्यासारखी भोकं पाडलेली असतात आणि त्यांतून पाणी फिरत असतं. उन्हाळ्यात वसाहतीच्या नळाला पाणी कमी पडायचं, मग बोअरचं पाणी. बोअरचं पाणी आधीच क्षारांचं, त्यात ते वापरून तापलं की शेडमागच्या टॉवरवरून खाली पाडून वाऱ्यानं निववायचं आणि पुन्हा आत सोडायचं. प्रत्येक फेरीत थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं, क्षार मात्र मागं राहतात. आंघोळीच्या बंबाला आतून जे होतं तेच, फक्त भोक लहान.

त्या उन्हाळ्यात तिची झाकणं वाकडी निघत होती. सपाट टेबलावर ठेवलं की झाकण डुगडुगायचं. गिऱ्हाइकानं माल परत पाठवायला सुरुवात केली होती. तिनं मला मोल्डच्या दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्यांना हात लावायला सांगितलं. एका बाजूच्या नळीतून पाणी जोरात येत होतं. दुसऱ्या बाजूची नळी जवळजवळ मेलेली, आणि त्या बाजूचं पोलाद हात ठेववत नाही इतकं गरम. झाकणाची एक बाजू आधी गार व्हायची, दुसरी मागाहून आक्रसायची. मग ते वाकणार नाही तर काय?

तेव्हा शेडमध्ये आणखी एक जण होते. हा मोल्ड ज्यांनी घडवला ते कारागीर, रोशन गेटकडचे. उमेदीची सगळी वर्षं पोलाद कातण्यात गेलेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचं मत ठाम होतं. पाणी काढून टाका, तेल फिरवा. तेलाला क्षार नाहीत, तेलानं गंज नाही.

"पानी तो लोहे का दुश्मन हय, भाभी," ते मला म्हणाले, आणि हे कॉलेजात शिकवत नाहीत काय अशा नजरेनं बघत राहिले.

दुसरं मत पुण्याहून येणाऱ्या एका विक्रेत्याचं होतं. तरुण, नम्र, बोलण्यात गोडवा. त्याच्याकडं बाटलीत हिरवंगार पातळ औषध होतं, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या जातीचं. त्याला तो ग्लायकॉल म्हणायचा. पाण्यात मिसळायचं, मग क्षार धरत नाही, गंज येत नाही, आणि शून्याच्या खाली नेलं तरी त्याचा बर्फ होत नाही. जितकं गार, तितकी झाकणं भराभर, असं त्याचं म्हणणं. नणंदेकडं पाणी गार करायचं एक जुनं यंत्र होतंच. त्या चिलरमध्ये हे भरा, तो म्हणाला, आणि बाटली ठेवून गेला.

तिसरं मत माझं असावं अशी नणंदेची अपेक्षा होती. माझ्याकडं मत नव्हतं, पण शोधायची ओढ लागली होती.

पहिला प्रयोग आमच्या खिडकीत झाला. मी एकसारखे लोखंडी खिळे घासून स्वच्छ केले. एका बरणीत बोअरचं पाणी, दुसरीत बॅटरीचं पाणी. हे बॅटरीचं पाणी म्हणजे ऊर्ध्वपातन केलेलं, अगदी क्षारमुक्त. क्रांती चौकातल्या बॅटरीच्या दुकानात मिळालं. तिसरीत विक्रेत्याचं मिश्रण, चौथीत उस्तादांनी दिलेलं तेल. हिरवी बाटली मी कॉलेजच्या कुपीत ओतून तिच्यावर विषाची चिठ्ठी लावली आणि खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवली. माझा नवरा बँकेत नोकरीला. त्याला यात फारसा रस नव्हता. आपल्या प्यायच्या पाण्याची बरणी कोणती तेवढं सांगून ठेव, एवढंच तो म्हणाला.

मला वाटत होतं, सगळ्यात शुद्ध पाणी सगळ्यात चांगलं ठरणार. झालं उलटंच. बॅटरीच्या पाण्यातला खिळा सगळ्यात आधी तांबडा झाला. बोअरच्या पाण्यातल्या खिळ्यावर धुरकट पांढरी साय धरली होती आणि त्या सायीखाली तो बराचसा शाबूत होता. क्षार भोक बुजवत होते खरे, पण लोखंडावर पांघरूणही घालत होते. तेलातला आणि हिरव्या औषधातला खिळा जसाच्या तसा.

नणंद संध्याकाळी वाळूजहून परस्पर आमच्याकडं यायला लागली. चप्पल काढायची आणि थेट खिडकीकडं जायची. तांबड्या बरणीकडं पाहून ती म्हणाली, "म्हणजे शुद्ध पाणी उपाशी असतं. जे दिसंल ते खातं." रसायनशास्त्रात हे असं लिहीत नाहीत, पण पुढं वर्गात मी ते बरेचदा वापरलं.

खिळ्यांच्या हिशेबानं तेल आणि हिरवं औषध जिंकलं होतं. पण मला वाटलं, आपण अर्धाच प्रश्न विचारलाय. मोल्डमधल्या पाण्याचं काम गंज टाळणं हे नव्हे. त्याचं काम उष्णता बाहेर वाहून नेणं. मग कॉलेजला सुट्टी असताना, परवानगी काढून, आम्ही दोघी प्रयोगशाळेत गेलो. सारख्या चंचुपात्रांत सारखं मापून पाणी, हिरवं मिश्रण आणि तेल घेतलं, प्रत्येकात तापमापी ठेवली आणि सारख्याच तीन ज्योतींवर ती एकाच वेळी तापवली. तेलाचा पारा भराभरा चढला. त्याच्या मागं हिरवं मिश्रण. पाणी सगळ्यात शेवटी, रमतगमत.

"म्हणजे तेल चांगलं," नणंद म्हणाली. "उष्णता लवकर ओढतंय ना?"

प्रश्न रास्त होता. मला उत्तर पाठ होतं, पण असं कुणी समोर उभं राहून विचारलं की पाठ उत्तर पुरत नाही. मी म्हटलं, ज्योतींनी तिघांना सारखीच उष्णता दिली. तेल तेवढ्यातच तापून गेलं. पाण्याला तेवढीच मिळाली, तरी ते अजून निवांत आहे. आपल्याला मोल्डमधून उष्णता घेऊन जाणारा हमाल हवा. जो थोड्या ओझ्यानं थकतो तो काय कामाचा? तिनं पुन्हा तिन्ही पात्रांकडं पाहिलं, पाण्याच्या पात्रावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

मग तिनं स्वतःच एक प्रयोग सुचवला. मिश्रण बर्फात ठेवून चांगलं गार केलं आणि सलाइनच्या नळीतून खाली सोडलं. शेजारच्या नळीतलं गार पाणी सळसळत उतरलं. मिश्रण काकवीसारखं नाही, पण आळसावून, थेंब लांबवत आलं. तिच्या मोल्डमधली भोकं अरुंद होती आणि पंप जुना. तिच्या तोंडावरून कळलं की हिशेब बसतोय.

विक्रेता पुढच्या फेरीला आला तेव्हा मी नणंदेदेखत त्याला मुद्दाम विचारलं, हे पोटात गेलं तर? तो आडपडदा न ठेवता म्हणाला, विष आहे, आणि चवीला गोड असतं म्हणून जास्त धोका. कमी विषारी असं दुसरं एक येतं, पण ते महाग आणि आणखी दाट. नणंदेनं यंत्राखालच्या पेटीतलं एक झाकण उचलून त्याच्यासमोर धरलं. "यात पोरं शाळेत डबा खातात," ती म्हणाली. "नळी कधी फुटंल सांगता येतं का? हे नको."

मी तिला खरं ते सांगितलं. साध्या पाण्यात गंज रोखणारं औषध घालावं लागेल, आणि तेही काही पिण्यासारखं नसतं. फक्त ते थोडंसंच लागतं. हिरवं औषध मात्र बादल्यांनी ओतावं लागलं असतं. तिनं ऐकून घेतलं आणि नियमच केला: नळी गळली की मोल्ड पुसायचा आणि त्या वेळची झाकणं मोडीत टाकायची, धुऊन वापरायची नाहीत.

अशा रीतीनं पाणी ठरलं. पण बोअरचं नाही, आणि नुसतं बॅटरीचंही नाही. क्षार काढलेलं पाणी, त्यात गंजावरचं औषध, आणि टाकीला घट्ट झाकण. टॉवरचं पाणी वेगळं, मोल्डचं वेगळं, चिलरमध्ये गार होऊन फिरणारं. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही.

त्याआधी मोल्डचं पोट साफ करायला हवं होतं. उस्तादांना ते पसंत नव्हतं. पोलादात आम्लाचं पाणी फिरवणं म्हणजे त्यांच्या लेखी पोरीच्या अंगावर उकळतं ओतण्यासारखं. मी त्यांना सांगितलं, तेजाब नाही, लिंबाचं फूल आहे, सरबतात घालतात ते. कोमट पाण्यात विरघळवायचं, हळू फिरवायचं, मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढायचं. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं आणि स्टूल ओढून मोल्डशेजारी बसले.

पहिल्यांदा काही झालं नाही. मग परतीच्या नळीतून दुधासारखं पाणी यायला लागलं, त्यात पांढऱ्या कपच्या. आम्ही दोघी बादलीवर वाकलो होतो. मेलेल्या नळीत अचानक जोर आला, ती टोकावरून निसटली आणि आम्ही दोघी छातीपर्यंत भिजलो.

"अगं धर ना नीट, सोडू नको," नणंद ओरडली.

मी धरली. उस्तादांनी पंप बंद केला. साड्या पिळताना तिच्या लक्षात आलं की आपण वहिनीला अगं म्हणालो, आणि ती ओशाळली. मी म्हटलं, "आता तसंच राहू दे." ते तसंच राहिलं. मीही तिला वन्सं म्हणायचं सोडलं आणि नावानं हाक मारायला लागले. सासूबाईंना ते काही दिवस खटकलं.

नवीन पाण्यावर झाकणं सपाट यायला लागली. ती काचेच्या तुकड्यावर झाकण ठेवून बोटानं टिचकी मारायची. डुगडुगलं नाही की पेटीत. पण पावसाळा लागला आणि नवंच काहीतरी सुरू झालं. झाकणांवर देवीच्या वणांसारखे बारीक डाग. मला फोन आला, मी कॉलेज सुटल्यावर गेले. मोल्ड उघडला की पोलादावर बारीक थेंब चमकत होते. उस्ताद आधीच येऊन बसले होते. त्यांना वाटत होतं, पोलादाला चीर गेली आणि पाणी झिरपतंय. ते भिंग घेऊन चीर शोधत होते. मी रुमालानं थेंब टिपले. मोल्ड उघडाच ठेवून पंप थांबवला, तरी थोड्या वेळानं थेंब पुन्हा आले, आणि बाहेरच्या अंगालाही आले, जिथं आत भोकच नव्हतं.

"चीर नाही," मी म्हटलं. "हवेतलं पाणी आहे. गार तांब्याला बाहेरून सुटतं ना, तसं."

नणंदेनं चिलरकडं पाहिलं. मग तिनं सांगितलं की झाकणं लवकर निघावीत म्हणून तिनं चिलर हळूहळू खाली खाली नेला होता. आम्ही सगळ्यांनी, उस्तादांनी, विक्रेत्यानं आणि मीसुद्धा, एक गोष्ट धरूनच चाललो होतो की गार जितकं जास्त तितकं चांगलं. किती गार हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही चिलर थोडा थोडा वर आणत गेलो आणि मोल्ड पुसून बघत राहिलो. एका ठिकाणी थेंब यायचे थांबले. झाकणाला लागणारा वेळ वाढेल अशी तिला धास्ती होती. किंचित वाढला, पण पोट साफ असल्यानं पाणी जोरात फिरत होतं आणि तेवढ्यावर काम भागलं. विक्रेत्याचं मुख्य म्हणणं, की त्याच्या औषधाचा बर्फ होत नाही, आपोआपच निकालात निघालं. आम्हाला बर्फाच्या जवळपासही जायचं नव्हतं.

तो बिचारा मात्र रिकाम्या हातानं गेला नाही. नणंदेच्या नवऱ्यानं त्याला गंगापूरकडच्या एका दूध गार करणाऱ्या केंद्राचा पत्ता दिला. तिथं खरोखरच शून्याच्या खाली जावं लागायचं, आणि त्याचा माल तिथं खपला, कमी विषारी जातीचा. गंजावरचं औषध पुढं आम्ही त्याच्याकडूनच घेत राहिलो.

तेलाची पाळी आली ती वर्ष-दीड वर्षानं. नणंदेला दिव्यांवरच्या पारदर्शक आवरणांचं काम मिळालं. त्याचा दाणा वेगळा, आणि त्याचा मोल्ड गरम ठेवावा लागतो, हात लावला तर भाजेल इतका. मला हे पटेना. गार करायला गरम पातळ पदार्थ? ती हसली. या वेळी समजावून सांगायची पाळी तिची होती.

"रस किती तापलेला असतो ते बघ ना," ती म्हणाली. "त्याच्यापुढं उकळतं पाणीबी गारच. एकदम गार केलं तर आत ताण धरून बसतो, मग पुढं बसल्या जागी तडकतो."

एवढ्या तापमानाला पाणी उकळीच्या उंबऱ्यावर असतं. ते दाबाखाली ठेवता येतं, पण तिच्या नळ्या आणि सांधे जुने होते, आणि वाफ सुटली तर माणूस भाजेल. तेल उष्णता कमी वाहतं, वास मारतं, गळलं तर डाग पाडतं, आगीची भीतीही असते. पण त्या तापमानाला ते शांत राहतं. या वेळी तेल ठरलं. उस्तादांनी नवीन मोल्डची भोकं स्वतः पुसली, प्रत्येक सांधा स्वतः आवळला आणि खाली वाळूची बादली आणून ठेवली.

पहिली आवरणं धुरकट आली, त्यांत पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा. नणंदेनं तेल थोडं तापवलं. रेषा विरळ झाल्या. आणखी थोडं तापवलं. मग एक आवरण पडलं ते तिनं हातमोज्यानं उचललं, शेडच्या दारात नेलं आणि उजेडात धरलं. बराच वेळ फिरवून पाहिलं आणि उस्तादांकडं दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"निशान नाय," ते म्हणाले, आणि ते माझ्या हातात ठेवलं. पलीकडचा रस्ता, सायकलवरून जाणारा माणूस, सगळं त्यातून स्वच्छ दिसत होतं. ते अजून कोमट होतं.

संध्याकाळी मी परतीच्या टमटम रिक्षात बसले. शेजारी एक बाई होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. त्यांनी दोनदा माझ्याकडं वळून पाहिलं, नाक जरा मुरडलं आणि शेवटी विचारलंच.

"बाई, तेलाचा घाणा हाय का तुमचा?"

मी नाही म्हटलं, आणि मोल्डचं सांगितलं. वाटलं होतं, त्या मान हलवून गप्प बसतील. त्यांनी पिशवी खाली पायाशी ठेवली.

"मग पाणी का नाय घातलं?" त्यांनी विचारलं.

क्रांती चौक यायला अजून वेळ होता. मी त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.